पंचगंगेकाठचं गाव पुराआधी हलवायचं कसं? एका सरपंचताईंना उत्तर

शिरोळ तालुक्यातल्या पंचगंगेकाठच्या एका गावच्या नव्या सरपंचताईंनी विचारलंय: "कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की आमच्याकडं पळापळ सुरू होते. सांगूनही लोक घर सोडत नाहीत आणि शेवटी बोटीतून काढायची पाळी येते. यंदा ग्रामपंचायतीच्या पैशातून बोट घ्यावी, लाइफ जॅकेट घ्यावीत की जनरेटर? आणि लोकांना आधीच हलवलं आणि पाणी आलंच नाही, तर काय करायचं?"

ताई, मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ करवीर आणि शिरोळ या दोनच तालुक्यांत गेला. पुराचा बंदोबस्त हे दर पावसाळ्यातलं ठरलेलं काम होतं. त्या अनुभवावरून लिहितोय. बोटीचं नंतर बोलू.

तुमचा प्रश्न खरेदीचा वाटतो, पण तो तसा नाही. गाव कधी हलवायचं, ते कशावरून ठरवायचं आणि तो निर्णय कुणाचा, ही खरी अडचण आहे. बोटीतून माणसं काढावी लागली म्हणजे यातलं काहीच आधी ठरलेलं नव्हतं. आणि घर सोडायला नाही म्हणणारा माणूस अडाणी किंवा हट्टी असतो, असं बाहेरून आलेल्या साहेबांना वाटतं, ते मला कधी पटलं नाही. त्याच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आणि एक गाभण असते. शाळेत त्याच्या बायकापोरांची सोय केलेली असते, म्हशींची नसते. म्हणून तो थांबतो. तो थांबला म्हणून त्याची आई थांबते, आणि आईच्या औषधपाण्यासाठी सून थांबते. जनावरांची सोय झालेली दिसली की बहुतेक घरं फारसं न सांगता रिकामी होतात. तेव्हा तयारी गोठ्यापासून सुरू करा, हे माझं पहिलं म्हणणं.

आता तुमच्या गावावर काय अवलंबून आहे ते बघू. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 मध्ये 56 च्या वर. पण हे आकडे कोल्हापूरच्या अंगाचे आहेत. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र होऊन पुढं येतं. तिथं चिखली-आंबेवाडीला पाणी लागलं की शहर सावध होतं. तुमचं गाव त्याच्या बरंच खाली आहे. तुमच्याकडं पाणी वरून येतं तसं खालूनही चढतं. कृष्णेला कोयनेचं आणि वारणेचं पाणी असलं की नरसोबाच्या वाडीला, म्हणजे दोन्ही नद्यांच्या संगमावर, पंचगंगेला वाट मिळत नाही आणि पाणी मागं फुगतं. म्हणूनच पन्हाळा-गगनबावड्याकडं पाऊस उघडतो, राजाराम बंधाऱ्यावर उतार पडतो, कोल्हापूरकर सुटकेचा श्वास सोडतात, आणि तुमच्याकडं पाणी अजून चढतच असतं. पुढं उतरायलाही जास्त दिवस घेतं.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे फक्त राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघून शिरोळ तालुक्यातलं गाव हलवू नका. नरसोबाच्या वाडीची पातळी आणि कोयनेचा विसर्ग, हे दोन्ही रोजच्या वहीत हवेत. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. सातही उघडले तरी दहा हजारांच्या आसपासच. त्याची बातमी मोठी होते कारण दरवाजा उघडताना व्हिडिओ चांगला दिसतो. कोयनेतून पन्नास हजार सुटले तर ते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून पारावर भांडायला मलाही आवडतं, पण ते भांडण मंत्रालय पातळीवरचं आहे. पाणी दारात असताना त्यात तुमचा एक तासही घालवू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे तयारी किती दिवसांची करायची. कोकणातल्या लोकांना चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, छपरं आणि बागा उद्ध्वस्त करून दिवसभरात पुढं गेलं. तिथं काही तास सुरक्षित जागी काढायचे असतात, मोडतोड नंतर निस्तरायची असते. आपला पूर इंचाइंचानं येतो आणि आठ-आठ दिवस बसून राहतो. आपली सोय रात्र काढण्याची नसून आठवडाभर संसार चालवण्याची असते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक गावांत लोक पायरी बघून निर्णय घेतात. "2019 ला पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकाल. पण उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. पुष्कळ गावांत पाणी नदीच्या घाटावरून येत नाही, मागच्या ओढ्यातून येतं. घाटावर उभं राहिलेल्या माणसाला चार पायऱ्या मोकळ्या दिसत असतात आणि गावाबाहेरच्या मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, गुडघाभर पाणी असतं. तुमच्या गावाची वेळ त्या मोरीवर ठरते. तुमच्या गावाला बाहेर पडायचे रस्ते किती, त्यातला सगळ्यात सखल भाग कुठला आणि तो कधी बुडतो, हे मला इथून सांगता येणार नाही. गावातल्या साठीच्या पुढच्या दोन-तीन माणसांना बरोबर घेऊन चालत जा, ते बोट दाखवून सांगतील. मोरीच्या कठड्यावर ऑइल पेंटनं फूट आणि इंचाच्या खुणा करून घ्या, रात्री बॅटरीच्या उजेडात दिसतील अशा. मग यंदा पाणी चढताना रोज ठरलेल्या वेळी एका वहीत लिहायचं: राजाराम बंधारा किती, नरसोबाची वाडी किती, कोयनेचा विसर्ग किती, मोरीखाली पाणी किती. दोन पावसाळे ही वही ठेवली की तुमच्या गावाचं स्वतःचं कोष्टक तयार होतं. ते कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

आता हिशोब मांडू. समजा गावात 600 मोठी जनावरं आहेत. एका ट्रॉलीत चार बसतात, म्हणजे 150 खेपा. दहा ट्रॅक्टर मिळाले तर प्रत्येकाला 15 खेपा. चढवणं, नेणं, उतरवणं आणि परत येणं धरून एका खेपेला दीड तास. झाले साडेबावीस तास, तेही न थांबता, रात्रीसकट. पाणी तासाला इंचानं चढत असेल आणि मोरीला दोन फूट उरले असतील तर हातात 24 तास आहेत. कागदावर जमतं, प्रत्यक्षात जमत नाही. एक ट्रॅक्टर बंद पडतो, एक ड्रायव्हर आधी स्वतःची जनावरं न्यायला जातो, दोन तास मुसळधार पाऊस लागतो. म्हणून अशा गावानं मोरीला तीन फूट उरले असतानाच पहिली ट्रॉली हलवायला हवी. त्या वेळी गावात ऊन पडलेलं असू शकतं आणि लोक तुम्हाला वेड्यात काढतील. तुमचे आकडे वेगळे असतील. तरणी जनावरं चालत नेण्याइतकी उंचावरची जागा जवळ असेल तर खेपा निम्म्यावर येतात. पण हा हिशोब जूनमध्येच मांडून ठेवा.

ट्रॉलीत जनावर चढवणं हे बघायला सोपं वाटतं. म्हैस फळीवरून चढत नाही. फळी हलली की ती मागं सरते, चार माणसं ओढतात आणि अर्धा तास जातो. त्याऐवजी ट्रॉली मागं घेऊन एखाद्या बांधाला किंवा रस्त्याच्या भरावाला लावायची. फाळका उघडून त्या उंचवट्यावर टेकवला की म्हैस सपाटीवरून चालत आत जाते. आत पाचट नाहीतर रिकामी पोती जाड अंथरायची. नुसत्या पत्र्यावर शेणमूत पडलं की पाय घसरतो, आणि एक म्हैस बसली की शेजारची तिला तुडवते. गावातली अशी चढवायची तीन-चार ठिकाणं आधीच बघून ठेवा. रेडकं-वासरं वेगळ्या ट्रॉलीत, पण आईच्या डोळ्यांसमोर आधी चढवलेली. आणि काहीच जमलं नाही, पाणी गोठ्यात आलंच, तर दावं कापून जनावर मोकळं सोडायला प्रत्येक घराला सांगून ठेवा. म्हैस चांगली पोहते, पण खुंट्याला बांधलेली म्हैस जागच्या जागी बुडते.

जिथं न्यायचं तिथं वैरण हवी. ऊसतोड बंद असल्यानं पावसाळ्यात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत नाही आणि कडबा भिजला की बुरशी धरतो. एका मोठ्या जनावराला दिवसाला 20 किलो ओली वैरण धरली तरी 600 जनावरांना 12 टन लागते. आठ दिवसांचे जवळजवळ शंभर टन झाले. प्यायला दिवसाला 50 लिटर धरलं तर 30 हजार लिटर पाणी. सरकारची आणि संस्थांची मदत येते, ट्रक भरभरून येते, पण पहिले दोन दिवस तुमचे तुम्हालाच काढायचे असतात. मे महिन्यात मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा भरून त्या उंचावरच्या वस्तीत ठेवणं हा मला सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो. ग्रामपंचायतीचा पैसा खर्चायचाच असेल तर मी आधी इथं घालेन. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी झालेली असावी. छावणीत सगळ्या गावची जनावरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभी असतात. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर मालकाच्या नावापुढं लिहून ठेवा. उद्या जनावर दगावलं तर पंचनाम्यात तोच उपयोगी पडतो.

एक गोष्ट फार कमी गावं करतात, आणि माणसं हलवायला तिचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच भाषणाचा होत नाही. दूध संस्थेच्या सचिवांशी आधीच बोला आणि पुराच्या दिवसांत संकलन छावणीच्याच जागी सुरू होईल याची सोय करा. ज्या रस्त्यानं टँकर येऊ शकेल त्याच बाजूला छावणी निवडा. 2019 आणि 2021 ला महामार्गच शिरोलीजवळ बंद पडला होता, तेव्हा हे दर वेळी जमेलच असं नाही. पण दूध तिथं घेतात आणि बिल चालू राहतं हे कळलं, की पहिली ट्रॉली भरायला माणसं स्वतःहून येतात.

माणसांचं आता. आशाताईंकडून तीन याद्या घ्या: दिवस भरत आलेल्या बाया, डायलिसिस किंवा इन्शुलिनवर असलेले, आणि अंथरुणाला खिळलेले. यांना जनावरांच्याही आधी हलवायचं. नुसतं शाळेत नव्हे, दवाखाना ज्या बाजूला आहे त्या बाजूला. पूर आला की तालुक्याचे तुकडे पडतात आणि नेहमीचा दहा किलोमीटरवरचा दवाखाना पाण्यापलीकडं जातो. बाकीच्यांसाठी घरटी एक पिशवी पुरे: आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, आठ दिवसांची औषधं, चार्जर. आणि निघण्याआधी घराच्या चारी भिंतींचे, तिजोरी-कपाटाचे, गोठ्याचे फोटो. पुढं नुकसान सिद्ध करताना ते फोटो लाख मोलाचे ठरतात.

तरीही घरटी एक माणूस मागं राहतोच, घर राखायला. चोरीची भीती खोटी नसते, तिला हसू नका. पोलीस पाटलांना बरोबर घेऊन गल्लीवार तरुणांची गस्त ठरवा आणि मागं राहणाऱ्यांना विखरून न ठेवता दोन-तीन पक्क्या, दुमजली घरांत एकत्र ठेवा. त्यांची नावं आणि मोबाइल नंबर तुमच्याकडं आणि तहसील कार्यालयात असले पाहिजेत. बचाव पथकाला "गावात किती माणसं आहेत" या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तर त्यांचे तास फुकट जातात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

नदीकाठच्या मोटारींबद्दल एकच सांगतो. पाणी चढायला लागलं की शेतकरी मोटार वर ओढायला धावतात. त्यात दर वर्षी कुठंतरी शॉक लागून किंवा पाय घसरून जीव जातो. राजाराम बंधाऱ्यावर 35 फुटांच्या आसपासच मोटारी काढायची दवंडी द्या. महावितरणच्या लाइनमनला सांगून त्या फीडरचा पुरवठा बंद करून घ्या आणि मगच माणसं खाली जाऊ द्या.

आता तुमची बोट. मी विरोधात नाही, पण ती शेवटची गोष्ट आहे. बोट घेतली तर वर्षभर ती चालवणारे आणि इंजिनाची काळजी घेणारे चार जण लागतात. नाहीतर जुलैमध्ये ती समाजमंदिराच्या मागं पालथी पडलेली मिळते. बुडालेल्या उसावरून बोट जाते तेव्हा पंख्याला पाला आणि वेल गुंडाळतात, आणि विजेच्या तारा हाताच्या उंचीवर आलेल्या असतात. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. का बसली? कारण सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचं होतं. म्हणून आधी लाइफ जॅकेट, जाड दोर आणि शिट्ट्या. बोटीवर किती माणसं बसायची तो आकडा रंगवायचा, आणि तो न मोडणारा एक खमका माणूस काठावर उभा करायचा. गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, पाण्यात घालून माणसं नेतात, तेही मी पाहिलंय. शांत पाण्यात ती तरंगते, ओढ लागली की भोवऱ्यासारखी फिरते. तिच्यावर लहान मुलं बसवू देऊ नका.

जनरेटरपेक्षा पाण्याची टाकी आधी भरून ठेवा. 2019 ला कोल्हापूर शहराचीच उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडं पाणी असताना शहर टँकरच्या रांगेत उभं होतं. गावाची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तर नदीतच असते. मोबाइल चार्ज करण्यापुरता छोटा जनरेटर पुरतो.

अफवांसाठी एक सवय लावा. "धरण फुटलं" हा मेसेज दर पुरात येतोच. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, तुमच्या स्वतःच्या आवाजात वहीतले चार आकडे आणि पुढचा निर्णय, एवढाच संदेश ग्रुपवर टाका आणि देवळाच्या व मशिदीच्या भोंग्यावरून वाचून दाखवा. नवीन काही नसलं तरी सांगा. वेळेवर आवाज आला की लोक इतरांचे फॉरवर्ड ऐकत नाहीत.

पाणी उतरतानाची तयारीही आत्ताच करायची असते. घरातला गाळ पाणी उतरत असतानाच त्याच पाण्यानं ढकलून काढायचा. एकदा तो वाळला की कुदळ लागते. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच टाकायचा नाही. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आधी आणून ठेवा. कपाटामागं, सरपणात साप असतात, काठी आपटल्याशिवाय हात घालायचा नाही. चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोच्या तापाचा (लेप्टोस्पायरोसिस) धोका असतो, त्यासाठी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून गोळ्या द्या, मनानं नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं तोच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतोय. गाव हलवलं आणि पाणी आलं नाही तर लोक शिव्या घालतील का? घालतील. विरोधी पॅनेल तर वर्षभर चघळेल. चार-पाच वर्षांत एकदा तरी असं होणारच, कारण नदी मोरीखाली दोन फुटांवर येऊन उतरतेही. त्यावर उपाय एकच. हा निर्णय तुमच्या एकटीचा ठेवू नका. जूनच्या ग्रामसभेत ठराव घ्या: मोरीला इतके फूट उरले की याद्यांतली माणसं हलणार, इतके उरले की जनावरं, इतके उरले की सगळं गाव. आकडे ग्रामसभेनंच ठरवायचे, वाद घालून, हवं तर मतदान घेऊन. विरोधकांना त्यात बोलू द्या, त्यांची दुरुस्ती असली तर घ्या, सूचक किंवा अनुमोदक त्यांच्यातला असला तर उत्तमच. मग त्या रात्री तुम्ही हुकूम देत नसता, खुणेवरचा आकडा वाचून दाखवत असता. ठरावाची एक प्रत तलाठ्याकडं द्या, एक पोलीस पाटलाकडं, आणि एक मोठ्या अक्षरात छापून दूध संस्थेच्या दारावर चिकटवा. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथंच येतं.